अर्ध्या जिभेची साक्ष

नगरभवनाच्या सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा उरली नव्हती. आधी खुर्च्या भरल्या, मग खुर्च्यांमधल्या वाटा, मग खिडक्या. तरी दारातून लोक आत रेटतच होते. व्यासपीठावर उंच आसनावर साखरओढे बाबा विराजमान झाले होते. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. माणसाच्या अंगातली साखर ते जिभेवाटे ओढून काढतात अशी ख्याती झाल्यामुळे लोकांनीच त्यांना ही पदवी बहाल केली होती, आणि बाबांनी ती मोठ्या विनयानं फलकावर रंगवून घेतली होती.

"साखर फार लबाड!" बाबा माइकमध्ये गरजले. "भाडेकरू म्हणून रक्तात शिरते आणि घरमालकीण होऊन बसते! डॉक्टर काय करतात? नोटिसा पाठवतात! सकाळी एक गोळी, म्हणजे एक नोटीस. संध्याकाळी दुसरी नोटीस. ती वाचते का कधी? मी नोटीस पाठवत नाही. मी तिचं बखोट धरतो आणि बाहेर काढतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांना मधुमेह नव्हता तेही टाळ्या वाजवत होते, कारण बखोट धरणं सगळ्यांनाच आवडतं.

मग रांग सुरू झाली. माणूस वर आला की चेला त्याच्या जिभेवर हिरव्या चूर्णाची चिमूट चोळायचा. बाबा त्याच्या हनुवटीपाशी बोटं नाचवत अदृश्य दोरा ओढल्यासारखं करायचे. "निघ! निघ म्हणतो ना! मागे वळून बघू नकोस!" हे साखरेला उद्देशून असायचं. मग चूळ, आणि चूळ भरली की तोंडात चमचाभर साखर.

"वाळू!" रांगेत सर्वांत पुढे असलेला शिंपी किंचाळला.

"अगं बाई, खरंच वाळू!" शिंप्यामागच्या पोस्टातल्या बाई ओरडल्या.

"ज्या देहातून साखर निघाली," बाबांनी दोन्ही हात पसरले, "त्या देहाला साखर कळेल कशी?"

तिसऱ्या रांगेत बसलेल्या चाखणकरांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला.

चाखणकर हेही आडनाव नव्हेच. खरं आडनाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. शहरातला जामचा कारखाना त्यांच्या जिभेवर चालायचा. हंड्यात जाम शिजला की चाखणकर चमचा घेत, डोळे मिटत आणि निकाल देत: "आंबट. साखर वाढवा." किंवा, "पाक चढलाय. हंडा खाली उतरवा." त्यावर अपील नसे. कारखान्यात तऱ्हेतऱ्हेची मापं होती, पण जिभेशी त्यांचं जुळलं नाही तर मापं दुरुस्तीला जात. अशा माणसालाच मधुमेह व्हावा! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बायकोनं साखरेच्या डब्याला कुलूप लावलं, आणि कारखान्यात चाखलेला प्रत्येक घास थुंकायची पाळी आली. गोडाच्या बाबतीत चाखणकर अगदी हवालदिल झाले होते.

ते व्यासपीठावर चढले. चिमूट जिभेवर पडली. गवताळ, कडवट, मागून जरा तुरट, असा निकाल जिभेनं सवयीनं देऊन टाकला. मग साखरेचा चमचा आला आणि जीभ गप्पच बसली. दाणे होते, दाताखाली कर्रकर्र वाजत होते, पण गोडीचा मागमूस नाही. चाखणकरांनी चमचा पुन्हा भरून मागितला. पुन्हा तेच.

"वाळू," ते पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चाखणकरांना वाळू लागली!" सभागृहात एकच गलका झाला. जे अजून कुंपणावर होते ते धडाधड रांगेत उभे राहिले. डॉक्टरांचे कागद चुकत असतील, यंत्रं बिघडत असतील, पण चाखणकरांची जीभ कधी चुकली होती? बाबांनी हे अचूक हेरलं. दोनच दिवसांत चौकाचौकात नवा फलक लागला. त्यावर चाखणकर हातभर जीभ बाहेर काढून उभे, आणि खाली लिहिलेलं: "ही जीभ खोटं बोलत नाही!"

चाखणकर हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरायचं नावच घेईनात. त्यांनी गोळ्या बंद केल्या. बायकोकडून डब्याची किल्ली मागून घेतली. जाम खाऊ लागले, बिस्किटं खाऊ लागले, चहात चमचे मोजणं सोडून दिलं. गोड काही लागत नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण खाता येतंय याचाच आनंद. चूर्ण घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं गोडी पुन्हा जाणवू लागली, तेव्हा ते घाबरून बाबांकडे धावले होते.

"साखर परत येऊन दार ठोठावते आहे," बाबा म्हणाले. "आणखी एक चिमूट. ही पुडी जवळच ठेवा."

मग तहान लागू लागली. घागर रिकामी करावी तरी घसा कोरडाच. बाबांकडे उत्तर तयार होतं. "लागणारच! साखर जाताना पाणी मागते. पाहुणी आहे शेवटी." मग डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागलं. एकदा तर चाखणकरांनी खुंटीवरच्या स्वतःच्याच कोटाला नमस्कार करून "केव्हा आलात?" असं विचारलं. घरातले हसले, पण बायको हसली नाही.

"अहो, गोळी घ्या," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचा पाय साखरेनं गेला तो असाच. मी लहान होते, पण मला सगळं आठवतंय. तेही म्हणायचे, मला काही होत नाहीये."

"तुझा डॉक्टरवर विश्वास आहे, माझा माझ्या जिभेवर आहे."

"जिभेला काय कळतंय रक्तातलं?"

"तिच्यावर घर चाललंय आपलं!" चाखणकर तडकले, आणि तांब्याभर पाणी प्यायले.

कारखान्यात तर निराळाच तमाशा सुरू झाला. चाखणकर फाटकातून आत शिरतानाच चिमूट टाकत. संत्र्याचा जाम चाखला की त्यांना त्यातला फक्त आंबटपणा लागे.

"साखर वाढवा."

"ठरलेली घातलीय," हंड्याशी उभा असलेला पाकवाला म्हणाला.

"आंबटढाण आहे! वाढवा!"

पाकवाल्यानं वाढवली. पुन्हा चाखलं, पुन्हा वाढवली. आयुष्यभर ज्या जिभेचा शब्द प्रमाण मानला तिच्यावर संशय घ्यायचा कसा? त्यानं स्वतः एकदा बोट बुडवून चाटलं आणि त्याला झिणझिण्या आल्या, पण आपलंच काहीतरी बिघडलंय असं समजून तो बिचारा दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेला. बाजारात गेलेल्या त्या बरण्यांनी हाहाकार उडवला. चमचा घातला तर उभा राही, सुरी घातली तर बाहेर येत नसे. कारखान्याची गाडी जिथे थांबे तिथे मुंग्या स्वागताला येत. शेवटी मालकांनी चाखणकरांना बोलावलं, टेबलावर बरणी उघडून उलटी धरली, आणि बरीच वाट पाहिली. जाम जागचा हलला नाही.

"हा पावाला लावायचा की भिंतीला?" मालकांनी विचारलं.

"यंदा संत्रीच आंबट आहेत," चाखणकर म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांची मेहुणी सुट्टीला आली. बायकोची धाकटी बहीण ही, शाळेत विज्ञान शिकवायची. आल्या आल्या तिनं पावाला जाम लावला, एक घास खाल्ला, आणि तिचा चेहरा पिळल्यासारखा झाला.

"ताई, हा कुणी चाखला?"

ताईनं उत्तर देण्याऐवजी रडायलाच सुरुवात केली. सगळी हकिगत ऐकून मेहुणीनं चूर्णाची पुडी मागवली. हुंगली. खिडकीपाशी नेऊन बोटानं पसरली. मग एक चिमूट तोंडात टाकून चावली, थांबली, चूळ भरली, आणि साखरेचा डबा पुढे ओढून चमचाभर साखर खाल्ली.

"वाळू!" ती म्हणाली आणि खो खो हसू लागली. "भाऊजी, मला कुठे मधुमेह आहे? मग माझ्या अंगातून काय काढलं तुमच्या बाबांनी?"

"छुपा असेल," चाखणकर शांतपणे म्हणाले. "होता, आता गेला. बाबांचे आभार मान."

"हा रानातला पाला आहे हो. बेडकीचा पाला म्हणतात. आमच्या गावी दगडखाणीमागच्या कुंपणावर वेल माजलीय याची. कोवळी पानं लोक भाजीत घालतात. चावून गूळ खाल्ला की माती लागते, हे आम्ही शाळेत असतानाच करून पाहिलंय."

"पाला तोच असेल. पण त्यात बाबांची शक्ती आहे. तुझं पुस्तक एकीकडे आणि माझी जीभ एकीकडे."

मेहुणीनं चूर्णाची पुडी पुन्हा बांधली. मग तिचा सूर एकदम गोड झाला. शाळेतली मुलं या सुराला फार घाबरत. "बरं भाऊजी, समजा चूर्ण अर्ध्याच जिभेला लावलं, तर?"

"तर काय? दार अर्धं उघडलं म्हणून पाहुणी काय अर्धी बाहेर जाते? अंगातली साखर गेली की गेली. सगळ्या जिभेला वाळूच लागणार."

"हे चारचौघांत म्हणाल?"

"ओरडून म्हणेन! रविवारी गोळीमुक्ती सोहळाच आहे."

या सोहळ्याची तयारी मोठी होती. व्यासपीठाच्या मधोमध रंगवलेलं पिंप ठेवलं होतं. सगळ्यांनी आपापल्या गोळ्या घरून आणायच्या आणि बाबांच्या इशाऱ्यावर पिंपात टाकायच्या. पहिला मान अर्थातच चाखणकरांचा. गोळ्यांचं पाकीट बायकोच्या हातात होतं. निघताना ती त्यांना एवढंच म्हणाली, "मी तुमच्या जिभेशी भांडत नाही आता. फक्त आज ती जे सांगेल, तेच तोंडानं सांगा." चाखणकरांना हा आपला विजयच वाटला.

सभागृह भरलं. माणसांच्या हातांत गोळ्यांच्या पिशव्या होत्या. पुढच्याच रांगेत एक म्हातारे आजोबा मांडीवर इन्सुलिनच्या सुयांचा डबा धरून बसले होते. ते शेजारच्याला सांगत होते, "मी काही आलो नसतो. पण चाखणकरांचा फलक पाहिला."

बाबांनी चाखणकरांना वर बोलावलं. चाखणकरांनी माइक घेऊन मेहुणीची शंका जाहीर केली, म्हणजे सगळ्यांना हसायला मिळावं. लोक हसले. बाबा तर पोट धरून हसले.

"अर्धी जीभ? अहो बाई, जिभेच्या टोकाला कण लागला तरी मी टाचेतली साखर ओढून आणतो! या, या वर! लावा तुमच्या हातानं!"

मेहुणी वाटच बघत होती. तिनं चाखणकरांना खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि नियम सांगितला: "जीभ बाहेर. आत घ्यायची नाही. गोड लागलं तर हात वर करायचा, नाही लागलं तर मांडीवर ठेवायचा." मग चूर्ण पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्यानं तिनं जिभेच्या फक्त डाव्या अर्ध्या भागाला तो लेप लावला, जरा वेळ थांबली, आणि हळूच पुसून घेतला. चाखणकर फलकावरच्यासारखेच जीभ काढून बसले होते. फक्त आता लाळ गळत होती.

दुसरा बोळा तिनं साखरेच्या पाण्यात बुडवला आणि जिभेच्या डाव्या बाजूला टेकवला.

हात मांडीवरच. "वाळू! वाळू!" लोक ओरडले. बाबांनी मान डोलावली.

तोच बोळा तिनं उजवीकडे टेकवला.

चाखणकरांच्या तोंडात गोडी फुटली. इतक्या दिवसांनी! स्वच्छ, ओळखीची, जिवलग माणसानं अचानक खांद्यावर हात ठेवावा तशी. आणि तिच्या मागोमाग सगळा हिशेबही लागला. ही साखर अंगातून गेलेली नव्हती. जीभ अर्धी मुकी केली होती, इतकंच. मग तहान कसली होती? कोटाला नमस्कार कशामुळे घातला होता? चाखणकर मनातून पार हादरले.

हात मांडीवर होता. तो तिथेच राहिला असता तर कुणाला काय कळणार होतं? बाबा खूश झाले असते, फलकही तसाच राहिला असता. पण गोडाला अगोड त्यांनी जन्मात म्हटलं नव्हतं. समोर कुठेतरी पाकीट चुरचुरलं. तिथे बायको बसली होती, आणि तिच्या शेजारी ते आजोबा, सुयांचा डबा मांडीवर धरून.

चाखणकरांनी हात वर केला.

मेहुणीनं पुन्हा डावीकडे बोळा लावला, हात खाली. उजवीकडे, हात वर. डावीकडे, उजवीकडे, उजवीकडे, डावीकडे. चौकातल्या वाहतूक पोलिसासारखा चाखणकरांचा हात वरखाली होऊ लागला आणि मागच्या खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"डावी साखर गेली!" बाबा घाईघाईनं ओरडले. "उजवी बाकी आहे! जुनी साखर चिवट असते!"

"म्हणजे डावे भाऊजी बरे झाले आणि उजव्या भाऊजींना अजून मधुमेह आहे?" मेहुणीनं विचारलं. "रक्त काय मधोमध कुंपण घालून फिरतं?"

हास्याचा असा स्फोट झाला की चेल्याच्या हातातला माइक खाली पडला. शिंपी धावत वर आला, त्यानं स्वतःच्या अर्ध्या जिभेला लेप लावला. पोस्टातल्या बाईंनी उजव्या बाजूला लावून पाहिला. बघता बघता निम्मं सभागृह जिभा बाहेर काढून एकमेकांना "हिकहे वाहू, तिकहे गोह!" असं सांगू लागलं.

"आणि बाबा, तुम्ही?" शिंप्यानं चमचा पुढे केला. "तुमच्या अंगात तर साखर नसेलच. तुम्हाला चूर्णाशिवायच वाळू लागत असेल?"

बाबांना नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी चमचाभर साखर तोंडात घेतली, "वाळूच!" असं ठासून सांगितलं, आणि चमचा दोन्ही बाजूंनी चाटूनपुसून परत केला. त्यानंतरच्या हशात ते ध्यानाला म्हणून पडद्यामागे गेले, ते पुन्हा दिसले नाहीत. चेल्यानंही चूर्णाची पोती टाकून पोबारा केला.

"आता ऐका," मेहुणी माइक उचलून म्हणाली. "जिभेवर गोड ओळखणाऱ्या बारीक बारीक जागा असतात. साखर तिथे येऊन बसली की गोड लागतं. या पाल्यात जिम्नेमिक आम्लं नावाची रसायनं आहेत. ती त्या जागा अडवून बसतात, आपण गाडीत सीटवर रुमाल टाकून ठेवतो तशी. साखर येते, जागा भरलेली बघते आणि पुढे पोटात जाते. तिथून रक्तात. बाहेर कुठेच जात नाही. अर्ध्या-पाऊण तासानं रुमाल उडून जातो. वेल हे तुमच्यासाठी करत नाही. पान बेचव लागलं तर अळ्या फडशा पाडत नाहीत, एवढाच तिचा स्वार्थ असावा. रानातला एक कंद घसा खाजवतो, एका फळाच्या सालीला साबणासारखा फेस येतो, एखादं पान जीभ बधिर करतं. प्रत्येकात काही ना काही रसायन आहे. कोणतं, किती आणि कशावर चालतं, ते शोधायचं असतं. या पाल्याचा औषध म्हणून उपयोग होतो का, तेही शास्त्रज्ञ तपासतायत. पण वाळू लागली म्हणून गोळ्या पिंपात टाकायच्या?"

"मीटर दे," डोळ्यांवरचा रुमाल काढत चाखणकर एकदम बायकोला म्हणाले.

बायकोच्या पिशवीत रक्तातली साखर मोजायचं यंत्र होतंच. ती ते रोज बरोबर बाळगत होती, हे चाखणकरांना आत्ता कळलं. त्यांनी आधी डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि मग, कुणी सांगितलं नसताना, उजव्या हाताचं. दोन्हीकडे आकडा चारशेच्या आसपास आला. मेहुणीनं तो मोठ्यानं वाचला. आता कुणी हसलं नाही.

"भाऊजी, इथून थेट दवाखान्यात," ती हळूच म्हणाली.

"जातो. एक मिनिट." चाखणकरांनी माइक घेतला. अर्धी जीभ अजून मुकीच होती, पण बोलायला काही अडत नव्हतं. "मंडळी, माझी जीभ तेव्हाही खोटं बोलली नाही आणि आजही नाही. साखर गोड लागत नाही, एवढंच ती म्हणाली होती. रक्तातलं तिला काय ठाऊक? तिला डॉक्टर मी केलं. मूर्ख मी. माझी बायको इतके दिवस भीतीनं अर्धी झाली आणि मी तिच्यावरच ओरडत होतो. तुमच्यातले कितीतरी जण माझा फलक बघून इथे आलात. आजोबा, तो डबा घट्ट धरा आणि घरी न्या. ज्यांनी औषधं सोडलीत त्यांनी माझ्याबरोबर दवाखान्यात चला. आणि यापुढे कुणी कितीही मोठा माणूस सांगू दे, अगदी मी सांगितलं तरी, तपासल्याशिवाय मानू नका. कुणी काही चाटायला दिलंच, तर अर्धीच जीभ पुढे करा. उरलेली अर्धी प्रश्न विचारायला ठेवा."